फोन, टॅब की ई-रीडर? आधी अंतर मोजा

दिवाळीच्या आधी मोबाइलच्या दुकानात हमखास दिसणारं दृश्य. सत्तरीतले वडील, चाळिशी ओलांडलेला मुलगा आणि काउंटरवर तीन वस्तू : साडेसहा इंची स्मार्टफोन, दहा इंची टॅब आणि सहा इंची ई-रीडर. मुलगा प्रोसेसर विचारतो, रॅम विचारतो, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते विचारतो. वडिलांच्या गरजा साध्या असतात. सकाळी पेपर वाचता यावा, नातीशी व्हिडिओवर बोलता यावं, विजेचं बिल भरता यावं आणि रात्री चार पानं वाचून झोप लागावी. शेवटी ज्याचे आकडे मोठे तो फोन घेतला जातो. महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. डोळे चुरचुरतात, मान अवघडते, अक्षर धूसर दिसतं. वडील चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून येतात, तर नंबर तोच निघतो.

खोक्यावर सगळं छापलेलं असतं, पण ही वस्तू डोळ्यांपासून किती लांब धरली जाणार, हे कुठेच नसतं. रोजच्या वापरात निम्म्याहून अधिक त्रास या एका गोष्टीवर ठरतो.

जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगतं आणि त्यासाठी आतला एक छोटा स्नायू आवळला जातो. चाळीस सेंटिमीटरवरचं अक्षर वाचायला अडीच डायॉप्टरची ताकद लागते, वीस सेंटिमीटरवर पाच डायॉप्टरची. अंतर निम्मं केलं की कष्ट दुप्पट. विशीतल्या पोराला याचं काही वाटत नाही, त्याच्याकडे ताकद भरपूर असते. वय वाढतं तसं भिंग कडक होत जातं. नेत्रतज्ज्ञांच्या जुन्या ठोकताळ्यानुसार पंचेचाळिशीत सरासरी ५ डायॉप्टर उरतात, पन्नाशीत साडेतीन. त्यातली निम्मी ताकद राखून ठेवता आली तरच वाचन सुखाचं होतं. म्हणून या वयात माणूस पेपर हातभर लांब धरू लागतो आणि घरातले म्हणतात, ‘चाळिशी लागली.’

सत्तरीत ही ताकद जवळजवळ संपलेली असते, मग सगळं काम चष्मा करतो. वाचनाचा चष्मा साधारणपणे चाळीस सेंटिमीटरचं अंतर धरून दिला जातो. हातातलं पुस्तक, टेबलावरचा पेपर याच अंतरावर येतात. फोन मात्र पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत ओढला जातो आणि तिथे चष्म्याचं गणित चुकतं. अक्षर धूसर दिसलं म्हणून माणूस फोन आणखी जवळ आणतो, आणि ते आणखी धूसर होतं. नंबर बरोबर असूनही दिसत नाही ते यामुळे. ही जुनी सवय आहे. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०११मध्ये लोक स्मार्टफोन किती अंतरावर धरतात ते मोजलं होतं. संदेश वाचताना सरासरी ३६ सेंटिमीटर भरलं, वेबपान वाचताना ३२. काहींनी तर फोन विसेक सेंटिमीटरपर्यंत आणला होता.

फोन जवळ का ओढला जातो, याचं उत्तर पडद्याच्या रुंदीत आहे, आणि इथे दुकानातला ‘इंच’ चांगलाच फसवतो. पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. त्यामुळे उंच, अरुंद पडद्याचे इंच जास्त भरतात आणि जागा मात्र कमी मिळते. साडेसहा इंची फोनचा पडदा जेमतेम ६.८ सेंटिमीटर रुंद असतो. सहा इंची ई-रीडरचा पडदा ९ सेंटिमीटर रुंद असतो आणि त्याचं क्षेत्रफळही थोडं जास्त भरतं. २००७च्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंची, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर रुंद होता. इतक्या वर्षांत इंच जवळजवळ दुप्पट झाले, रुंदी वाढली ती दोन सेंटिमीटरच्या आत. हाताचा तळवा मोठा होत नाही, त्याला कंपन्या तरी काय करणार! दहा इंची टॅबचा पडदा मात्र क्षेत्रफळात फोनच्या जवळपास तिप्पट असतो.

मराठी वाचणाऱ्याला हा फरक जास्त जाणवतो. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. ओळीची उंची या सगळ्यांत वाटली जाते, त्यामुळे मूळ अक्षर लहान होतं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यातला फरक एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा असतो. इंग्रजी ज्या आकारात सुखाने वाचता येतं, त्या आकारात मराठी वाचताना डोळे बारीक करावे लागतात. फोनवर अक्षर मोठं केलं तर ओळीत तीन-चारच शब्द मावतात आणि दर दोन सेकंदांनी अंगठा सरकवावा लागतो. बातमी वाचायला तेवढं चालतं, कादंबरीला नाही.

पडद्याकडे टक लावल्यावर पापण्या लवायच्या विसरतात, हा दुसरा त्रास. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी निम्म्याहून कमी वेळा लवते, डोळ्यावरचं पाणी सुकतं आणि चुरचुर सुरू होते. हे तिन्ही वस्तूंवर होतं, छापील पुस्तकातही गुंगल्यावर होतं. यावर उपाय म्हणून ‘ब्लू कट’ चष्मा हौसेने घेतला जातो. कॉक्रेन या संस्थेने २०२३मध्ये सतरा चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा अशा काचांनी डोळ्यांचा थकवा निदान अल्पकाळात तरी कमी होत असल्याचं दिसलं नाही. ते पैसे टॅबच्या स्टँडवर खर्च केलेले बरे.

ई-रीडरचा पडदा वेगळ्या जातीचा. केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या, प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, त्यांच्यावर विरुद्ध विद्युतभार. विजेच्या इशाऱ्यासरशी हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. पान उलटतानाच काय ती वीज लागते, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर वाचायचा असतो, त्यामुळे उन्हात, अंगणात, एसटीच्या खिडकीशी तो फोनपेक्षा स्पष्ट दिसतो. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. मात्र व्हिडिओ कॉल नाही, बिल भरणं नाही, आणि पान हलतं तेही जरा रेंगाळत. ज्याला फक्त पुस्तकं वाचायची आहेत त्यानेच तो घ्यावा. बाकीच्यांचा तो महिन्याभरात कपाटात जातो.

रात्रीचा प्रश्न मात्र खरा आहे. अमेरिकेत २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा जणांनी काही रात्री झोपण्याआधी चार तास टॅबवर आणि काही रात्री छापील पुस्तकातून वाचन केलं. टॅबच्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली आणि मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक निम्म्याहून अधिक दबलं. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवला होता आणि खोली अंधारी होती, हे लक्षात घ्यायला हवं. दिवा लावून, पडदा मंद करून अर्धा तास वाचणाऱ्याचं एवढं बिघडणार नाही. तरी अंथरुणात डोक्यावर धरलेला फोन सगळ्यात वाईट. अंतर कमी, उजेड थेट डोळ्यांत, आणि मधेच टपकणारे संदेश.

टॅबची अडचण वजनाची. साडेचारशे-पाचशे ग्रॅम पहिली पाच मिनिटं काहीच वाटत नाही, नंतर मनगट बोलू लागतं. मग टॅब मांडीवर येतो आणि मान खाली जाते. डोकं साडेचार-पाच किलोचं. ते पुढे झुकलं की मानेच्या स्नायूंवरचा भार कितीतरी वाढतो. पोथी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड बहुतेक घरांत माळ्यावर पडलेलं असतं. टेबलावर ठेवलं तर टॅबला ते छान चालतं, आणि अंतरही आपोआप चाळीस सेंटिमीटरच्या पुढे राहतं. नातवंडांच्या अभ्यासालाही हीच मांडणी योग्य. लहान मुलं फोन नाकाशी नेतात, त्यांच्या डोळ्यांची ताकद जास्त असल्याने तक्रारही करत नाहीत, आणि नेमकं तेच काळजीचं आहे.

मग त्या वडिलांनी काय घ्यावं? एका महाग फोनच्या पैशांत बहुधा दोन साध्या वस्तू येतात : घरात टेबलावर टॅब आणि खिशात हलका फोन. यूपीआय चालू करताना त्या यंत्रातल्या सिमवरून बँकेकडे एसएमएस जातो, त्यामुळे फक्त वायफायवर चालणाऱ्या टॅबवर पैशांचं काम अडतं. ते खिशातल्या फोनवर ठेवावं. तो साधा बटणांचा असला तरी हरकत नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२मध्ये आणलेल्या ‘यूपीआय १२३पे’मुळे इंटरनेट नसलेल्या फोनवरूनही पैसे देता येतात.

दुकानात जाताना वाचनाचा चष्मा आणि शिवणाची टेप सोबत न्यावी. एखाद्या मराठी दैनिकाचं पान उघडायला सांगावं, टेपने चाळीस सेंटिमीटर मोजून वस्तू तिथे धरावी आणि अक्षर पुरेसं मोठं करून चार ओळी मोठ्याने वाचाव्यात. ‘घ’ला ‘ध’ वाचलं किंवा हात आपोआप जवळ आला, तर विक्रेत्याला पुढची वस्तू काढायला सांगावी.