बसवलेलं काढताना

जानेवारी २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या हजारो स्त्रियांसमोर एक चमत्कारिक पर्याय आला. ‘पीआयपी’ या फ्रेंच कंपनीने स्तनांच्या इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी स्वस्तातलं औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघडकीला आलं होतं. पुढे कंपनीचा संस्थापक जाँ-क्लोद मास याला चार वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच सरकारने आपल्या देशातल्या सुमारे ३०,००० स्त्रियांना खबरदारी म्हणून हे इम्प्लांट काढून टाकायचा सल्ला दिला. ब्रिटनमध्ये अशा सुमारे ४७,००० जणी होत्या आणि बहुतेकींनी खासगी दवाखान्यांत पदरचे पैसे मोजले होते. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने त्यांना सांगितलं, की तुमच्या खासगी दवाखान्याने हात वर केले तर इम्प्लांट आम्ही काढू, पण त्या जागी नवं बसवून देणार नाही. शेजारच्या वेल्सच्या सरकारने मात्र नवं बसवून द्यायचीही तयारी दाखवली.

इंग्लंडचा निर्णय सरकारी हिशेबाला धरून होता. दोष वस्तूत, ती काढली की उपचार संपला. पण दहा-बारा वर्षं शरीरात राहिलेली वस्तू काढल्यावर शरीर आधीच्या जागी परत जात नाही. मधल्या काळात त्याने बरंच काही केलेलं असतं.

सगळ्यात मोठं काम म्हणजे भिंत बांधणं. सिलिकॉन शरीराला पचवता येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. मग शरीर त्याभोवती कोलॅजेनच्या तंतूंचं आवरण विणतं. या आवरणाला डॉक्टर ‘कॅप्सूल’ म्हणतात. ते प्रत्येकीच्या शरीरात तयार होतं आणि बहुतेकींच्या बाबतीत पातळ, मऊ राहतं. काहींमध्ये मात्र ते आक्रसत जातं, जाड होतं, आतल्या सिलिकॉनच्या पिशवीला आवळतं. सर्जन त्याच्या चार पायऱ्या मोजतात. चौथ्या पायरीवर स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो. इम्प्लांट काढून टाकण्याचं हे एक नेहमीचं कारण. पिशवी फाटणं हे दुसरं. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने तर स्पष्टच बजावलं आहे, की इम्प्लांट जन्मभरासाठी नसतात. जितकी जास्त वर्षं राहतील तितकी गुंतागुंतीची शक्यता वाढते. अपवाद असतातच. १९६२ मध्ये ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसे ही स्त्री गोंदण काढून घ्यायला रुग्णालयात गेली आणि सिलिकॉन इम्प्लांट बसवलेली जगातली पहिली स्त्री होऊन बाहेर पडली. पन्नास वर्षांनंतरही तिच्या शरीरात तेच इम्प्लांट होते.

शस्त्रक्रियेत पिशवी बाहेर काढणं हे तुलनेने सोपं काम. सर्जनचा खरा निर्णय आवरणाबद्दल असतो. ते पातळ आणि निरोगी असेल तर पुष्कळदा आतच ठेवतात. जाड झालं असेल, त्यात कॅल्शियम साठलं असेल किंवा फुटलेल्या पिशवीतलं जेल पसरलं असेल, तर काढावं लागतं. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली असेल तर आवरणाची मागची बाजू बरगड्यांना चिकटलेली असते. ती खरवडून काढताना फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडण्याचा धोका असतो. तरीही समाजमाध्यमांवर ‘एन ब्लॉक’ या पद्धतीचा, म्हणजे पिशवी आणि आवरण न उघडता एकसंध काढण्याचा, मोठा आग्रह दिसतो. ही पद्धत मुळात कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतली. सरसकट सगळ्यांसाठी ती मागण्यात फायद्यापेक्षा जोखीम जास्त.

पट्ट्या सुटल्यावर आरशात जे दिसतं त्याची कल्पना आधी दिलेली बरी. पहिल्या दिवसांत स्तन चपटा, सुरकुतलेला, खालच्या बाजूला खोलगट दिसतो. ताणलेल्या त्वचेला आतून आधार उरलेला नसतो. स्तनाची स्वतःची ग्रंथी आणि चरबी इतकी वर्षं पिशवीच्या दाबाखाली पसरून पातळ झालेली असते. स्तनाग्राभोवतीचं वर्तुळ रुंदावलेलं असतं. क्वचित बरगड्यांच्या पिंजऱ्यावरही किंचित खळगा पडलेला आढळतो. पण हे चित्र कायमचं नसतं. सूज उतरते, त्वचा थोडी आक्रसते, दबलेल्या उती हळूहळू सैलावून जागा भरतात. म्हणून घाईने दुसरी शस्त्रक्रिया ठरवू नये, निदान तीन महिने थांबावं, असा सल्ला देतात. शेवटचा आकार कळायला सहा महिने ते वर्षही लागतं.

तो आकार कसा असेल हे वय, त्वचेचा ताठपणा, इम्प्लांटचं माप, ते किती वर्षं होतं, मधल्या काळात बाळंतपणं झाली का, वजन किती वर-खाली झालं, यांवर ठरतं. विशीत लहान माप बसवून काही वर्षांत काढणारीची त्वचा बरीच सावरते. मोठं माप वीस वर्षं वागवलेल्या पन्नाशीच्या स्त्रीला तशी अपेक्षा ठेवता येत नाही. अशा वेळी त्याच शस्त्रक्रियेत जादा त्वचा काढून स्तन वर उचलून शिवतात, किंवा पोट-मांडीची चरबी काढून तिथे भरतात. भरलेल्या चरबीचा बराच भाग शरीर शोषून घेतं, त्यामुळे हा प्रयोग एका खेपेत संपेलच असं नाही. वजनकाट्यावर मात्र फार आशा ठेवू नये. ३०० सीसीचं इम्प्लांट साधारण ३०० ग्रॅमचं, म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम सहाशे ग्रॅम.

पहिला आठवडा कंटाळवाणा असतो. आवरण काढलं असेल तर रिकाम्या पोकळीत पाझरणारा द्रव बाहेर यावा म्हणून ड्रेनची नळी ठेवतात. टोकाच्या फुग्यात रोज किती मिली साठलं ते लिहून ठेवायचं. दिवसाला साधारण तीसच्या खाली आलं की नळी निघते. उताणं, डोकं उंचावर ठेवून झोपायचं. घट्ट आधाराची ब्रा काही आठवडे रात्रंदिवस. बैठं काम आठवडा-दोन आठवड्यांत सुरू होतं, पण फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढणं, पाण्याची बादली उचलणं, लहान मुलाला कडेवर घेणं थांबवावं लागतं. व्यायामाला बहुधा सहा आठवडे. स्नायू पुन्हा बरगड्यांना शिवला असेल तर दुखणं जास्त, आणि खांदा आखडू नये म्हणून सांगितलेल्या हालचाली टाळून चालत नाही. सिगारेट आधीपासूनच बंद हवी, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि जखम भरत नाही. ताप, एकाच बाजूला अचानक वाढलेली सूज, पसरत जाणारी लाली यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. स्तनाग्राची संवेदना काही काळ बधिर किंवा उलट अतितीव्र होते. बहुतेकींची सुधारते, सगळ्यांची नाही. व्रण फिका पडायला वर्षभर जातं.

इम्प्लांट काढण्याचं, शरीराच्या आकाराशी संबंध नसलेलं एक कारणही अलीकडे वारंवार पुढे येतं. थकवा, सांधेदुखी, केस गळणं, विसराळूपणा अशा तक्रारी इम्प्लांटमुळेच होतात असं अनेकींना वाटतं. ही लक्षणं इम्प्लांटमुळे आहेत हे सिद्ध करणारी एकही चाचणी नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं डॉक्टरांनी त्या ‘मनाच्या’ म्हणून सोडून दिल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इम्प्लांट काढल्यावर अशा बहुसंख्य स्त्रियांची लक्षणं कमी झाली. गंमत अशी, की आवरण पूर्ण काढलं की अर्धवट, याने फारसा फरक पडला नाही. लक्षणांचं कारण अजून पक्कं सापडलेलं नाही. पण स्त्रिया खोटं सांगत होत्या असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. आणि एन ब्लॉकच्या आग्रहालाही यातून आधार मिळत नाही.

आवरणातच उद्भवणारा एक दुर्मीळ कर्करोग ही वेगळी बाब. तो स्तनाच्या ग्रंथीचा नसून रोगप्रतिकारक पेशींचा असतो आणि खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडला गेला आहे. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने ‘बायोसेल’ प्रकारचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले ते यामुळेच. बसवल्यानंतर कित्येक वर्षांनी एका स्तनात द्रव साठून सूज येणं ही त्याची ठळक खूण. इथे मात्र आवरण संपूर्ण काढणं हाच उपचार, आणि लवकर सापडलं तर बहुधा तेवढा पुरतो. काही लक्षण नसलेल्यांनी केवळ भीतीपोटी इम्प्लांट काढावेत असं एफडीएने तेव्हाही म्हटलं नव्हतं.

आपल्याकडे यात पैशाचा मुद्दा येतो. भारतात आरोग्य विम्याच्या पॉलिसीत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना हे अपवाद. त्यामुळे स्तन काढल्यानंतर इम्प्लांट बसवलेली स्त्री आणि हौसेने बसवलेली स्त्री यांची शस्त्रक्रिया एकसारखी असली तरी बिलाचा प्रवास वेगळा होतो. इम्प्लांट बसवताना मिळालेलं, कंपनी, प्रकार आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड अशा वेळी फार कामाला येतं. ते घरात सापडत नसेल तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथल्या नोंदींतून प्रत मागता येते.

इम्प्लांट निघाल्यावर मॅमोग्राफी सोपी होते, कारण पिशवीची सावली उरत नाही. पण आत राहिलेल्या आवरणात साठलेलं कॅल्शियम किंवा भरलेल्या चरबीच्या गाठी फिल्मवर संशयास्पद दिसू शकतात. तपासणीच्या यंत्रासमोर उभं राहण्याआधीच तंत्रज्ञाला सांगायचं, की इम्प्लांट कधी काढलं, आवरण ठेवलंय की काढलंय, चरबी भरली आहे का. जुने रिपोर्टही सोबत न्यायचे.