ज्याचं विमान, त्याचीच सही

अमेरिकेत कुणाच्या घरी बांधलेल्या विमानात बसायची वेळ आली, तर आधी दाराजवळचा एक शब्द वाचावा लागतो: 'एक्सपेरिमेंटल'. अक्षरं किमान दोन इंच उंच हवीत, असा कायदाच आहे. आत शिरलं की समोर आणखी एक पाटी असते. हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही, असं ती सांगते. एवढं वाचूनही माणसं पट्टा बांधून बसतात. ज्यानं विमान बांधलं, तोच शेजारी बसून वर येणार असतो, आणि याहून मोठी हमी कुठला कारखाना देणार?

या जातीत सगळ्यात मोठा गोतावळा 'आरव्ही'चा. ऑरेगनमधल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या नावाची ही आद्याक्षरं. साठच्या दशकात त्यांनी 'स्टिट्स प्लेबॉय' नावाचं एक घरगुती विमान घेतलं आणि त्याचे पंख बदलले. तरी मन भरेना, म्हणून मग स्वतःच एकआसनी विमान रेखाटलं. ते आरव्ही-३, १९७१ साली उडालं. लोक नकाशे मागू लागले, पुढे किट मागू लागले, त्यातून व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. आजवर अकरा हजारांहून अधिक आरव्ही उडाली आहेत, आणि त्यांतली बहुतेक कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, मोटार बाहेर उन्हात उभी करून जन्मलेली आहेत.

किट म्हणजे खोक्यांतून आलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, फासळ्या आणि नकाशांची चळत. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानेच केलेलं असावं, अशी कायद्याची अट आहे. त्यात दीड-दोन हजार तास जातात, म्हणजे नोकरी सांभाळून करणाऱ्याची काही वर्षं. रिव्हेट ठोकायला दोघं लागतात. एकाच्या हातात हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, दुसरा पत्र्यामागून पोलादी ठोकळा दाबून धरतो. हा दुसरा माणूस बहुधा बायको किंवा नवरा. ठोकून चपटं झालेलं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. नसेल तर ड्रिलने काढायचं आणि पुन्हा ठोकायचं. असं दहा हजारांवर वेळा. सगळ्यांना धडकी भरते ती मात्र वरची पारदर्शक छत्री कापताना. थंडीत ते प्लास्टिक तडकतं, म्हणून माणसं उन्हाळ्याची वाट पाहतात, नाहीतर गॅरेज तापवून घेतात.

घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. विमानाच्या बाबतीत मला वाटतं, पाहावं ते सांभाळून. बांधण्याचे फोटो निघतात, पहिल्या उड्डाणाला शेजारीपाजारी टाळ्या वाजवायला येतात. त्यानंतरच्या वीस वर्षांचं कौतुक करायला कुणी येत नाही.

कारखान्यात बनलेल्या विमानाचा मालक ऑइल बदलू शकतो, टायर बदलू शकतो. त्यापलीकडच्या कामावर परवानाधारक मेकॅनिकची सही लागते. घरच्या विमानाला हे कुंपण नाही. बांधणाऱ्याला त्याच्या त्या एका विमानापुरतं 'रिपेअरमन' प्रमाणपत्र मिळू शकतं. दर बारा महिन्यांनी होणारी तपासणी तो स्वतः करतो, आणि लॉगबुकात विमान सुरक्षित उडण्याजोगं असल्याचं लिहून खाली स्वतःची सही ठोकतो. परीक्षार्थी तोच आणि परीक्षकही तोच. ऐकायला ही चैन वाटते. पण रविवारची हवा सुंदर आहे, मित्र हँगरपाशी थांबलेत आणि एक्झॉस्टच्या नळीवर केसाएवढी रेघ दिसतेय, अशा वेळी स्वतःलाच नापास करणं सोपं नसतं.

पाहायचं काय, हे विमान स्वतःच सांगतं. सैल झालेला रिव्हेट पत्र्याशी घासत राहतो आणि त्याच्यामागे वाऱ्याच्या दिशेने काळपट ओघळ उमटतो. जाणकार त्याला 'धुरावलेला रिव्हेट' म्हणतात. विमानाचं पेट्रोल मुद्दाम निळं रंगवलेलं असतं. पंखातली टाकी सांधताना जे काळं, चिकट लुकण लावतात त्यात कुठे कसर राहिली असेल, तर वर्षांनंतरसुद्धा पंखाखाली निळा डाग पडतो. इंजिन बहुधा लायकमिंग कंपनीचं, चार सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे आठ प्लग काढायचे, त्यांत अडकलेले शिशाचे खडे कोरून काढायचे. प्रत्येक सिलिंडरात ऐंशी पौंड दाबाची हवा सोडायची आणि किती टिकते ते पाहायचं. गळत असेल तर कान लावायचा. सूं आवाज एक्झॉस्टमधून आला तर व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा.

या इंजिनाची एक खोड मात्र मालकांचा जीव खाते. त्याचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला आहे. इंजिन थांबलं की त्याच्यावरचं ऑइल हळूहळू निथळून खाली जातं, आणि विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं तर उघडा पडलेला कॅमशाफ्ट गंजू लागतो. वापरलेलं इंजिन धडधाकट आणि जपून ठेवलेलं आजारी, असा उफराटा न्याय. त्यामुळे जुनं विमान घेणारा शहाणा माणूस एकूण तास बघून भुलत नाही. गेल्या दोन वर्षांत किती उडालं, ते आधी विचारतो.

विकत घेण्याचा विषय निघालाच आहे, तर या सगळ्यातली खरी गोम तिथेच आहे. विमान विकलं जातं, ते रिपेअरमन प्रमाणपत्र विकलं जात नाही. कुठली वायर कुठून नेली आणि कुठला बोल्ट का उलटा घातला, हे बांधणाऱ्याच्या डोक्यातच राहतं. गायक जॉन डेन्व्हर यांचा १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत 'लाँग-ईझी' या घरगुती विमानात मृत्यू झाला. विमान त्यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. मूळ नकाशात पेट्रोलची टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये होता; बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला होता. तिथवर हात पोचवायला अंग पिळावं लागे. बांधणाऱ्याला ते विमान हाताच्या तळव्यासारखं माहीत होतं, नव्या मालकाला नव्हतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ सालचे घरगुती विमानांचे अपघात तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक विमानं अशी दुसऱ्याने बांधलेली, विकत घेतलेली निघाली.

सहीचं ओझं बांधणाऱ्यांनाही चुकत नाही. २०२३ मध्ये व्हॅन्सच्या किटमधल्या लेझरने कापलेल्या काही भागांच्या भोकांभोवती तडे दिसू लागले. खर्च वाढले आणि डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पुढच्या वर्षी ती त्यातून सावरली. पण अर्धवट पंख गॅरेजमध्ये घेऊन बसलेल्या माणसाला स्वतःच ठरवायचं होतं, ठोकलेले रिव्हेट काढून भाग बदलायचा की तसाच ठेवायचा.

आपल्याकडे या वाटेवरचं ठळक नाव वैमानिक अमोल यादव यांचं. त्यांचं सहाआसनी विमान कांदिवलीतल्या गच्चीवर घडलं आणि २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं गेलं. नोंदणी २०१७ च्या नोव्हेंबरात झाली. ते किटचं नव्हे, त्यांच्या स्वतःच्या आराखड्याचं. पण आपल्याकडची गोष्ट बहुतेक गच्ची आणि कागद यांच्यातच रंगते. शेकडो तास उडालेल्या घरगुती विमानाचा ऑइल-फिल्टर दर पन्नास तासांनी कोण कापतो, हा प्रश्न पडायला आधी तशी विमानं हवीत.

हा फिल्टर बदलून फेकून देत नाहीत. डबा गोल कापायचा, आतल्या कागदाच्या चुण्या उलगडून उन्हात धरायच्या. चकाकणारे कण असतील तर इंजिन आतून झिजतंय, आणि कण लोहचुंबकाला चिकटले तर ते पोलाद. चुण्या स्वच्छ निघाल्या की लॉगबुकात तारीख, इंजिनाचे तास आणि सही. मग विमान हाताने ओढत हँगरबाहेर काढायचं, पंखाखालच्या तोटीतून थोडं निळं पेट्रोल पारदर्शक पेल्यात घ्यायचं आणि उजेडात धरायचं. तळाशी बिनरंगी थेंब गोळा होऊन थरथरत असतो: पाणी. मालक पेला रिकामा करतो आणि पुन्हा तोटीखाली वाकतो.