आधी बसवा, मग आवळा : फिक्स्चरचा ३-२-१ नियम

मंडळी, जॉब मशीनवर असतो तेव्हा सपाट असतो, आणि क्लँप सोडला की वाकडा. दोष जातो मशीनच्या माथी. पण आधी फिक्स्चरकडे बघा.

मोकळ्या वस्तूला सहा हालचाली असतात : तीन दिशांना सरकणं आणि त्याच तीन अक्षांभोवती फिरणं. बुडाला तीन टेकू दिले की तीन हालचाली थांबतात. बाजूला दोन दिले की आणखी दोन, टोकाला एक दिला की शेवटची. हाच ३-२-१ नियम.

आता कुणी विचारेल, खाली चार टेकू दिले तर जास्त भक्कम नाही का? बघा, तिपाई कधी डुगडुगत नाही. चार पायांचं स्टूल खडबडीत जमिनीवर डुगडुगतं. कच्चं कास्टिंग तसंच. चौथ्या टेकूवर ते टेकत नाही, क्लँप त्याला दाबून टेकवतो. म्हणजे वाकवतो. वाकलेला जॉब आपण सपाट कापतो, आणि सोडला की तो पुन्हा उसळतो. चौथा आधार हवाच असेल तर खालीवर होणारा घ्या. जॉबला नुसता लागू द्या, मग लॉक करा.

जागा टेकूंनी ठरवायची, क्लँपने फक्त ती टिकवायची. म्हणून दाब नेमका टेकूच्या वर द्या, आणि कटरचा जोर टेकूवर येऊ द्या, क्लँपवर नको.

उद्या शॉपवर एवढं करून बघा : जॉबवर डायल लावा आणि क्लँप आवळा. काटा सरकला, तर वाकडेपणा तुम्ही कापायच्या आधीच जॉबमध्ये घातलाय.