वैशाखात दक्षिणेकडे बघा

वसंतातल्या आकाशाची ओळख बहुधा सप्तर्षींपासून सुरू होते आणि चित्रेपाशी आटोपते. त्यात चूक काही नाही, पण ही वाट युरोप-अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या सोयीची. त्यांच्या क्षितिजाखाली जे दडलेलं असतं ते आपल्याला गडावरून, माळावरून सहज दिसतं. आपणच तिकडे वळून बघत नाही.

वाट मात्र तीच धरायची. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की नारिंगी स्वाती, आणखी पुढे निळसर चित्रा. स्वाती 37 प्रकाशवर्षांवर, चित्रा सुमारे 250. चित्रेच्या उजवीकडे, किंचित खाली, चार ताऱ्यांचा वाकडा चौकोन म्हणजे हस्त.

हस्त दक्षिणेला मध्यावर आला की नजर सरळ खाली क्षितिजाकडे न्या. तिथे त्रिशंकू उभा असतो. चार तारे, पतंगाचा आकार, उंची जेमतेम 6 अंश. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे 10 अंश झाकते, म्हणजे अख्खा त्रिशंकू मुठीआड जातो. मुंबई-पुण्याहून त्याचा तळाचा तारा फार तर 8 अंश वर चढतो. समोर एखादी इमारत किंवा आमराई असली की संपलं! गोव्यात तो आणखी तीनेक अंश वर मिळतो. दिल्लीकरांना हा तारा क्षितिजावर येतच नाही, एवढं समाधान आपल्याला पुरे.

एप्रिलमध्ये नवखे हमखास फसतात. नैर्ऋत्येला, नौका तारकासमूहाच्या परिसरात, असाच पण मोठा आणि मंद ‘खोटा’ त्रिशंकू असतो. खऱ्याची खूण म्हणजे त्याच्या डावीकडचे दोन ठळक तारे, मित्र आणि मित्रक. ते त्रिशंकूच्या मागून उगवतात. मित्र 4.37 प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांत, सूर्य सोडला तर, याच्याइतकं जवळचं कुणी नाही.

दुर्बीण असेल तर त्रिशंकूनंतर तासाभराने दक्षिणेलाच, क्षितिजापासून अडीच मुठी वर शोधा. तिथला कापसाच्या बोळ्यासारखा धूसर ठिपका म्हणजे ओमेगा सेंटॉरी. टॉलेमीने तो तारा म्हणून नोंदवला होता. 1677 मध्ये सेंट हेलेना बेटावरून बघताना हॅलीला तो तारा वाटेना. प्रत्यक्षात हा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे, 17,000 प्रकाशवर्षांवरचा. शहरातल्या उजेडात तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

वेळ? एप्रिलअखेर रात्री साडेदहाच्या पुढे, मेच्या मध्याला साडेनऊच्या सुमारास त्रिशंकू ऐन दक्षिणेला. क्षितिजालगतचा धुरळा ही उन्हाळ्यातली खरी अडचण. म्हणून वळीव पडून गेल्यावरची रात्र साधा. जूनच्या आरंभी तो सव्वाआठलाच मध्यावर असतो, पण तोवर कोकणात ढग जमायला लागलेले असतात.