वर न्हाणीघर, खाली दुकान

गुलमंडी, सराफा, राजाबाजार, सिटी चौक. जुन्या छत्रपती संभाजीनगरातील या भागांत व्यापारी घरांची रचना पिढ्यान्‌पिढ्या एकाच धाटणीची राहिली आहे. रस्त्याला लागून दुकान, मागे वखार आणि वरच्या मजल्यावर राहते घर. कुटुंब वाढले तसे वर एकाचे दोन आणि दोनाचे तीन न्हाणीघर झाले. ती बहुधा दुकानाच्या किंवा वखारीच्या डोक्यावरच आली. अशा घरात न्हाणीघराचे नूतनीकरण म्हणजे टाईल्सची निवड एवढेच नसते. वर मुरलेले पाणी खाली कापडाच्या ठाणांवर, वह्यांच्या गठ्ठ्यांवर किंवा विजेच्या वायरिंगवर उतरते, आणि ते उतरल्याचे कळेपर्यंत पुष्कळदा एक हंगाम निघून गेलेला असतो.

प्रत्यक्षात मात्र कामाची सुरुवात टाईल्सच्या शोरूमपासून होते. रंग ठरतो, कमोड पसंत होतो, नळांचा संच बिलासह घरी येतो आणि मग नळफिटरला बोलावले जाते. हा क्रम उलटा आहे. पहिला प्रश्न पाणी कोठून येणार हा नसून पाणी कोठून जाणार हा असावा. येणारे पाणी दाबाने येते. त्याचा नळ वळवता येतो, वर चढवता येतो. जाणारे पाणी केवळ उतारावर चालते आणि उताराशी तडजोड होत नाही.

आडव्या सांडपाण्याच्या नळाला फुटामागे पाव इंच, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत दोन सूत उतार लागतो. पंधरा फूट आडव्या नळासाठी पावणेचार इंच खोली हवी. त्यात चार इंची नळाची स्वतःची जाडी आणि वरचा कोबा मिळवला की जुन्या घराच्या जमिनीत ती खोली सापडत नाही, हे लगेच ध्यानात येते. नव्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो. जुन्या घरात तो नसतो, म्हणून दोनच मार्ग राहतात: न्हाणीघराची जमीन उंच करून दारात पायरी आणणे, किंवा नळ खालच्या दुकानाच्या छताला टांगणे. पायरी घरातील वडीलधाऱ्यांना नडते आणि टांगलेला नळ गिऱ्हाइकाच्या नजरेला खुपतो.

तिसराही एक मार्ग आहे, आणि दुकानावरील घरासाठी तोच अधिक शहाणपणाचा. कमोड बाहेरच्या भिंतीलगत घ्यावा आणि त्याचा निकास खाली जमिनीत न नेता मागे भिंतीतून काढावा. मैल्याचा मुख्य नळ मग बाहेरच्या भिंतीवरून थेट चेंबरपर्यंत उतरतो आणि मालाच्या डोक्यावरून मैल्याचा एक इंचही नळ जात नाही. एवढ्यासाठी न्हाणीघराची अंतर्गत मांडणी बदलावी लागली तरी बदलावी. कमोडचे मॉडेल मात्र आधी निश्चित हवे. जमिनीत निकास असलेल्या कमोडला भिंतीपासून चार, नऊ किंवा बारा इंचांचे अंतर लागते, तर भिंतीतील निकासाची उंची मॉडेलनुसार बदलते. कंपनीचा मापांचा कागद हाती आल्याशिवाय गवंड्याला छिन्नी उचलू देऊ नये.

नहाणी ट्रॅपमध्ये किमान दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर पाणी कायम उभे राहिले पाहिजे. गटाराची दुर्गंधी आणि झुरळे घरात येण्यापासून तेच थोपवते. पुष्कळ घरांत ट्रॅप उत्तम असूनही वास येतो, कारण मुख्य नळाला वायुनळ नसतो. फ्लशचे पाणी वेगाने खाली जाताना मागे हवा ओढते. ती हवा वरून मिळाली नाही तर ट्रॅपमधील पाणीच शोषले जाते. म्हणून मुख्य नळ गच्चीच्या वरपर्यंत न्यावा आणि तोंडाला जाळीची टोपी बसवावी.

नळातील हवेचे हे शास्त्र या शहराला नवे नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसवली आणि डोंगरातील झऱ्यांचे पाणी नहर-ए-अंबरीने शहरात आणले. त्या नहरीत मातीचे भाजलेले नळ होते आणि वाटेत ठिकठिकाणी अडकलेली हवा मोकळी करण्यासाठी मनोरे उभारलेले होते. त्यांतील काही आजही दिसतात. पाणचक्कीला जाणाऱ्यांनी तेथील उंच भिंतीवरून कोसळणारे पाणी पाहिले असेलच. भूमिगत नळातून आलेले पाणी स्वतःच्याच दाबाने त्या भिंतीत वर चढते. शहराचे जुने वैभव सांगताना लेण्यांची नावे घेतली जातात, नळांची सहसा घेतली जात नाहीत.

आजच्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. शहर या जलाशयापेक्षा सुमारे शंभर मीटर उंचावर असल्याने पाणी पंपांनी चढवावे लागते. गेली अनेक वर्षे कित्येक वसाहतींत पाच-सहा दिवसांनी, उन्हाळ्यात तर आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी आले आहे. नव्या योजनेचे भूमिपूजन २०२० मध्ये झाले. तिचे पाणी रोज येईल असे धरून न्हाणीघर आखणे हा आशावाद झाला, नियोजन नव्हे.

हिशेब सोपा आहे. सहा माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा जुन्या धाटणीचा दहा लिटरचा फ्लश वापरला तर रोज ३०० लिटर पाणी जाते. सहा व तीन लिटरच्या दुहेरी फ्लशने, एकदा मोठा आणि चारदा लहान असे धरल्यास, हाच आकडा १०८ लिटरवर येतो. रोजचे १९२ लिटर वाचले. आठ दिवसांचे १,५३६ लिटर, म्हणजे गच्चीवर ठेवावी लागणारी हजार लिटरची दीड टाकी. जुन्या छतावर तेवढाच, दीड टनाहून अधिक, भार कमी होतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

फ्लशसाठी बोअरचे पाणी आणि अंघोळीसाठी जायकवाडीचे अशी विभागणी अनेकांनी केली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु दोन्ही नळ आरंभापासून अखेरपर्यंत स्वतंत्र हवेत. ‘अडचणीला उपयोगी पडेल’ म्हणून मध्ये एक व्हॉल्व्ह टाकून ते जोडले जातात. तो व्हॉल्व्ह झिजला की बोअरचे पाणी गुपचूप दुसऱ्या टाकीत जाते, आणि नळाला गळणे बांधून पाणी भरणाऱ्या घरात हे मुळीच चालणारे नाही. बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते गिझरला देऊ नये, क्षार साचून त्याची कॉईल लवकर जाते.

दाबाचाही विचार हवा. टाकी शॉवरपेक्षा दहा फूट उंच असेल तर मिळणारा दाब जेमतेम ०.३ बार. मोठ्या छत्री-शॉवरला तो पुरत नाही. मग दाबाचा पंप येतो, पाण्याचा खर्च वाढतो आणि जुन्या नळांचे सांधे उघडे पडतात. बादली-तांब्यात पंधरा-वीस लिटरमध्ये अंघोळ आटोपणाऱ्या घरांनी शोरूममधील शॉवर पाहून लाजण्याचे कारण नाही. जुने लोखंडी नळ आतून गंजून अरुंद झालेले असतात. ते अर्धे ठेवून अर्धे बदलण्यापेक्षा सगळेच काढून सीपीव्हीसी घालावे. प्रत्येक न्हाणीघराचा बंद करण्याचा व्हॉल्व्ह वेगळा आणि हाताला येईल असा असावा. विटा-चुन्याच्या जुन्या भिंतीत आडव्या खोल झिऱ्या मारू देऊ नयेत; नळ उभे न्यावेत, आडवे शक्यतो फरशीलगत. ज्या वाड्यांत वरची जमीन लाकडी कडीपाटाची आहे, तेथे वरच्या मजल्यावर नवे न्हाणीघर काढण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घेतलाच पाहिजे.

पकडदांड्या आज नको असल्या तरी त्यांच्या जागा आताच ठरवाव्यात, म्हणजे पुढे भोक पाडताना नळ फुटणार नाही.

टाईल्स लागण्यापूर्वी दोन चाचण्या अनिवार्य समजाव्यात. पहिली, भिंतीतील नळांत हातपंपाने कामाच्या दाबाच्या किमान दीडपट दाब भरून काटा काही तास ढळतो का ते पाहणे. दुसरी, वॉटरप्रूफिंगनंतर ट्रॅप बंद करून जमिनीवर पाणी साठवणे आणि किमान ४८ तास खालच्या छताचे निरीक्षण करणे. दुकान खाली असेल तर ही चाचणी शनिवारी दुपारी सुरू करू नये, रविवारी बंद दुकानात डोकावायला कोणी नसते. चातुर्मासापूर्वी काम संपावे असा अनेक घरांचा आग्रह असतो. तो बांधकामाच्या दृष्टीनेही योग्य आहे, कारण पावसाळी हवेत कोबा वाळत नाही आणि ओलीत जीवोत्पत्ती होते.

पैशांचे टप्पे या चाचण्यांशी बांधावेत. नळ बसले म्हणून हप्ता देऊ नये. दाबचाचणी उतरली म्हणून द्यावा. अखेरचे दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट आरंभीच लिहून घ्यावी, कारण नंतर मागितली तर भांडण होते. दुकानाच्या विमापत्राकडेही एकदा पाहावे. आगीच्या प्रमाणित विम्यात पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेली हानी साधारणतः समाविष्ट असते. हळूहळू झिरपलेल्या ओलीने माल खराब झाल्यास मात्र दावा सहसा मान्य होत नाही. फुटणे आणि झिरपणे यांतील हा भेद कित्येक व्यापाऱ्यांना सर्व्हेअर आल्यावरच समजतो.

झिऱ्या बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मापाची पट्टी लावून छायाचित्रे काढावीत. ती मोबाईलमध्येच न ठेवता कागदावर छापून, व्हॉल्व्हच्या जागा व नळफिटरचा दूरध्वनी क्रमांक मागे लिहून, घराच्या खरेदीखताच्या फायलीत लावावीत.