सुधारित चूल वापरा, पऱ्हाटीची गंजी टाळा

कापसाची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून बांधावर किंवा घराजवळ गंजी रचायची आणि वर्षभर चुलीला पुरवायची, ही विदर्भ-मराठवाड्यातील जुनी रीत. पण पऱ्हाट्यांवर राहिलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंड अळी सुप्तावस्थेत राहते. पुढच्या हंगामात तिचेच पतंग नव्या कपाशीवर अंडी घालतात. गंजी नको, तर जळण कोठून आणायचे? जळणच कमी लागले, तर तुराट्या आणि बांधावरच्या बाभळीच्या फांद्यांवर बरेचसे भागते.

जळण वाया का जाते?

धूर म्हणजे पूर्ण न जळालेले जळण. लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात. त्यांना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर ज्वाला होते, नाहीतर धूर. तीन दगडांच्या चुलीत जळणातील साधारण १० ते १५ टक्के उष्णताच भांड्याला मिळते. भारतीय मानकानुसार पंखा नसलेल्या सुधारित चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के हवी. म्हणजे तेवढ्याच स्वयंपाकाला जळण जवळजवळ निम्मे लागते.

चूल घेताना किंवा बांधताना पाहा

- जळणाखाली जाळी असावी, म्हणजे खालून हवा मिळते.
- जळण्याची जागा अरुंद व उभी असावी आणि तिच्याभोवती राखेचा थर असावा. जाड माती-विटा सुरुवातीची उष्णता स्वतःच शोषतात.
- भांडे बसवल्यावर धूर तोंडातून बाहेर येत असेल, तर भांड्याभोवतीची फट वाढवा.
- धुराडे छपराच्या वर न्या, गवत व लाकडापासून दूर ठेवा. काजळी नियमित काढा.

जळण कसे वापरावे?

- ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असते. लाकूड फोडून, पावसापासून दूर, काही महिने वाळवा.
- तुराट्या भरभर जळतात. पेंढी न कोंबता थोड्या थोड्या लावा.
- फक्त टोके जळू द्या आणि जळतील तशी पुढे सरकवा.

पऱ्हाट्यांचे काय करावे?

वेचणी संपताच श्रेडरने बारीक करून त्यांचे कंपोस्ट करा. थोड्या ठेवाव्याच लागल्या, तर सर्व बोंडे काढून नष्ट करा आणि पावसाळ्यापूर्वी त्या जाळून संपवा.

सावधान

थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावातील एका घरी आठवडाभर जुन्या आणि आठवडाभर नव्या चुलीचे जळण रोज तोलून लिहा. त्या घरातील स्वयंपाक करणाऱ्या बाईनेच ते आकडे बैठकीत सांगितले, तर इतर घरांना पटवणे सोपे जाते.