थीम पार्कमध्ये लाईव्ह लोकेशन का अडकतं?

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळे थीम पार्कला गेलो होतो. गर्दीत आई मागे राहिली. व्हॉट्सॲप उघडलं, तर तिचं लाईव्ह लोकेशन 20 मिनिटांपूर्वीच्या जागीच अडकलेलं! कॉलही लागेना.

असं का होतं? जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रहांचे सिग्नल पकडून फोन स्वतःची जागा स्वतःच शोधतो. पण ती जागा तुमच्यापर्यंत पोहोचवायला मोबाईल डेटा लागतोच. टॉवरची क्षमता मर्यादित असते. हजारो लोक एकाच वेळी फोटो, रील्स टाकायला लागले की सगळ्यांचाच डेटा रखडतो.

मग काय करायचं?

- आत शिरतानाच भेटायची एक जागा ठरवा.
- लाईव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास चालतं. 8 तास निवडा, पण शेवटचं अपडेट कधीचं आहे तेही बघा.
- नेट नसेल तर साधा एसएमएस करा. त्याला डेटा लागत नाही.
- लहान मुलांच्या हातावर पेनाने नंबर लिहा.

आई शेवटी गेटपाशी बसलेली सापडली. म्हणाली, "चुकामूक झाली तर आलो तिथेच परत जायचं, हे जत्रेत तुलाच शिकवलं होतं ना?"